उलटा घसारा

वालीवला काय बनत नाही हे सांगणं सोपं. काय बनतं त्याची यादी करायला बसलात तर जेवणाची सुट्टी होईल. वसई स्टेशनच्या पूर्वेला उतरावं, शेअर रिक्षात अर्धं अंग आत आणि अर्धं रस्त्यावर ठेवून बसावं आणि अहमदाबाद हायवेच्या दिशेने निघावं. गोखिवरे, वालीव, सातिवली असा सगळा पट्टा गाळ्यांनी भरलेला आहे. स्प्रिंगा, खिळे, बाटल्यांची झाकणं, बॅगांच्या चेन, साचे, प्लेटिंग, पावडर कोटिंग. पाटीवर ‘इंडस्ट्रीज’ असं अनेकवचन असतं. आत एक लेथ, एक ड्रिल, दोन माणसं आणि उदबत्तीच्या धुराने पिवळा पडलेला गणपतीचा फोटो.

अशा काही गाळ्यांचे हिशेब मी बघतो. त्यामुळे कोणाकडे कसलं यंत्र आहे, ते कधी घेतलं आणि बँकेचं किती देणं आहे, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा आधी कळतं. शेठचा लायका मला असाच कळला.

शेठ म्हणजे आमचा शाळेतला मित्र. पितळेचे बारीक पार्ट बनवतो. शेगडीचे जेट, नळाचे स्पिंडल, कुठल्या कुठल्या पिना. गाळ्यातले सगळे त्याला शेठ म्हणतात म्हणून मीही म्हणतो. नावाने हाक मारली तर कामगार वळून बघतात. तर एका मार्चअखेरीला शेठने पाऊचमधून एक वस्तू काढून माझ्या फायलींवर ठेवली आणि म्हणाला, “ही ‘टूल्स अँड इक्विपमेंट’खाली टाक.”

वस्तू म्हणजे कॅमेरा. जर्मनीतल्या वेट्झलारच्या अर्न्स्ट लाइट्स कंपनीचा लायका थ्री-एफ. १९५० ते १९५७ या काळात बनलेलं हे मॉडेल. गोल कडांची बॉडी, वर चकत्या आणि बटणं, पुढे एल्मार नावाची छोटी लेन्स. तिचं नळकांडं ओढलं की बाहेर, दाबलं की आत. हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड. दागिन्याच्या दुकानात वजन करायला ठेवावा असं वाटणारा.

मी म्हटलं, “टाकतो. पण यंत्राला दरवर्षी १५ टक्के घसारा लागतो. दहा वर्षांनी वहीत याची किंमत पाचव्या हिश्शावर आलेली असेल.”

शेठचा चेहरा पडला. “अरे, याची किंमत वाढते!”

“मग हे यंत्र नाही.”

त्याने तो पाऊचमध्ये परत घातला. आयकर खात्याचं माझ्याकडून एवढंच भलं झालं असेल. पण त्या दिवसापासून मला या मंडळींच्या हिशेबात रस वाटू लागला, कारण तिथे घसारा उलटा चालतो. वापर जितका कमी तितकी किंमत चढी. जो कॅमेरा कोणी कधी वापरलाच नाही, ज्याचा डबा, पट्टा, पावती आणि डब्यातला कागदही शाबूत आहे, तो सगळ्यांत महाग. ज्याने चाळीस वर्षं लग्नं, पूर, निवडणुका टिपल्या आणि ज्याच्या कडांचा मुलामा उडून आतलं पितळ दिसतंय, तो ‘युजर’. हा शब्द संग्राहक ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात आपल्याकडे स्थळ बघायला आलेले लोक ‘मुलगा खासगीत आहे’ म्हणतात.

शेठचं शिक्षण झपाट्याने झालं. थ्री-एफमध्ये दोन जाती आहेत हे त्याने मला सांगितलं. वेगाच्या चकतीखाली फ्लॅशसाठीचे आकडे कोरलेले असतात. आधीच्या कॅमेऱ्यांत ते काळे आणि १९५२ नंतरच्यांत लाल. म्हणून एक ब्लॅक डायल आणि दुसरा रेड डायल. १९५४ पासून त्याला सेल्फ-टायमरची दांडी आली, म्हणजे पोटजात तयार झाली. फोटोत यापैकी कशानेही काडीचा फरक पडत नाही. किमतीत पडतो. शिवाय वरच्या पत्र्यावर क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून कॅमेऱ्याचं जन्मवर्ष काढता येतं. शेठ आता कोणाच्याही घरी जुना कॅमेरा दिसला की आधी उलटसुलट करून नंबर बघतो. फोटो कोणाचे काढले होते, हा प्रश्न त्याला सुचत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक दम्याचा माणूस आहे, हे मला फार आवडतं. ऑस्कर बार्नाक हा मेकॅनिक. १९११ साली तो लाइट्सच्या कारखान्यात आला. कारखाना सूक्ष्मदर्शक यंत्रांचा. बार्नाकला फोटो काढायचा नाद होता. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे काचेच्या पट्ट्या, लाकडी पेटी, तिकाटणं. दमेकऱ्याने हे ओझं टेकडीवर न्यायचं कसं? त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, ती उभी न पळवता आडवी पळवली, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट धरली आणि खिशात मावेल असं एक यंत्र १९१४ च्या सुमारास स्वतःसाठी बनवलं. मग महायुद्ध आलं. ते संपल्यावर १९२३ मध्ये चाचणीसाठी थोडे नग काढले आणि १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत लायका बाजारात आला. त्या चाचणीच्या नगांपैकी बार्नाकचा स्वतःचा, क्रमांक १०५, २०२२ च्या जूनमध्ये वेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. रुपयांत शंभर कोटींच्या वर. ओझं नको म्हणून केलेला कॅमेरा आता विम्याच्या पेटीतून, पांढरे हातमोजे घालून उचलावा लागतो.

तरी त्या पहिल्या लायकात एक उणीव होती. समोरचा माणूस किती फुटांवर आहे, हे अंदाजाने ठरवून लेन्स फिरवायची. अंदाज चुकला की चेहरा पुसट आणि मागची भिंत लख्ख. १९३२ मध्ये लायका टूने ही अडचण मिटवली. वरच्या पत्र्यावर डावी-उजवीकडे दोन छोट्या खिडक्या. दोन्हींतून येणारी दृश्यं आत एकाच ठिकाणी दिसतात. लेन्स फिरवली की तिच्या मागची कड पुढेमागे सरकते, त्या कडेला टेकलेलं एक बारीक चाक हलतं, चाकाची दांडी हलते आणि आतला लोलक कणभर वळतो. समोरच्या माणसाला आधी दोन नाकं दिसतात. फिरवत राहायचं. नाकावर नाक आलं की फोकस बसला. याला रेंजफाइंडर म्हणायचं. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉनने कॉन्टॅक्स आणला. त्याच्या खिडक्यांत अंतर जास्त, म्हणून मोजणी अधिक काटेकोर. पुढे कैक वर्षं जगातल्या फोटोग्राफरांचे या दोन गावांवरून दोन तट होते.

थ्री-एफला मागे डोळा लावायची भोकंही दोन आहेत. एकातून नाकं जुळवायची, मग डोळा पाव इंच सरकवून दुसऱ्यातून चौकट बघायची. एवढ्यात समोरचं मूल उठून गेलेलं असतं.

पण एक सांगायला हवं. ज्यात लेन्समधूनच बघायचं असतं त्या एसएलआर कॅमेऱ्यात आतला आरसा बटण दाबताक्षणी वर उडतो आणि डोळ्यांपुढे अंधार होतो. म्हणजे जो क्षण टिपला तोच फोटोग्राफरला दिसत नाही. रेंजफाइंडरमध्ये तसं नाही. क्षण येताना, असताना आणि जाताना अखंड दिसतो. फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर याला चिकटून राहिला त्यात हेही असावं. तोच ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना भेटून निघाला आणि थोड्याच वेळात हत्येची बातमी कळून परत धावला. त्याने आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी टेप लावली होती, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. शेठ तेच भाग मऊ फडक्याने पुसतो, लोकांचं लक्ष जावं म्हणून.

याची उलट बाजूही आहे. लेन्समधून बघायचं नसल्यामुळे लेन्सवर झाकण तसंच असलं तरी समोरचं सगळं स्वच्छ दिसत राहतं. नाकं जुळतात, चौकट जमते, खटका गोड वाजतो, आणि रोल धुऊन आला की छत्तीसच्या छत्तीस चौकटी कोऱ्या. लेन्सचं नळकांडं बाहेर ओढायचं विसरलात तर छत्तीसच्या छत्तीस धुकं. रेंजफाइंडर वापरणाऱ्या जगातल्या यच्चयावत माणसांच्या हातून यातलं एक तरी झालेलं असतं. शेठच्या हातून झालेलं नाही, कारण शेठने रोलच घातलेला नाही.

यात त्याचा पूर्ण दोष नाही. या कॅमेऱ्याला मागचं दार नाही. खालचा पत्रा काढायचा, फिल्मची सुरुवातीची शेपटी सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि निमुळती कात्रीने कापायची, तिचं टोक एका सुट्या फिरकीत खोचायचं आणि मग फिल्म व फिरकी दोन्ही एकदम खालून वर, अरुंद फटीतून सरकवायच्या. धुतलेल्या लेंग्यात नाडी घालण्याचाच हा प्रकार, फक्त पिन न घेता आणि मधेच लेंगा फाटला तर काही हजारांना. शेपटी पुरेशी लांब कापली नाही तर फिल्मचा तुकडा आत शटरच्या पडद्यात अडकतो. हे सगळं वाचून शेठने निष्कर्ष काढला की बार्नाकची इच्छा हा कॅमेरा कपाटात राहावा अशीच असावी.

वहिनींचा या प्रकरणातला प्रवेश जरा उशिरा झाला. किंमत त्यांना सांगितलेली नव्हती. ‘जुन्यात मिळाला’ एवढंच. हे खोटं नव्हतं. काचेचं कपाट घरी आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “याने काढलेला एक तरी फोटो आहे का?” शेठने पन्नास वर्षांचं तंत्रज्ञान, काळे आकडे, लाल आकडे सगळं समजावलं. शेवटी म्हणाला, “अगं, जर्मन आहे.” वहिनी म्हणाल्या, “आमच्या माहेरी जर्मनचे टोप होते. ते मोडीत घालून स्टीलचे आणले.”

त्यांच्या पिढीच्या वसईकरांना जर्मन कॅमेरा ठाऊक होता तो आग्फा क्लिक थ्री. तो बनायचा बडोद्याला. रोलमध्ये बारा फोटो, दोन-तीन खटके, बिघडण्यासारखं आत काही नाही. तलावाकाठी, चर्चच्या पायरीवर, पापडीच्या बाजारात, किल्ल्याच्या पडक्या कमानीखाली काढलेले या भागातले कितीतरी चौकोनी काळे-पांढरे फोटो याच जातीच्या कॅमेऱ्यांतून आलेत. रोलही पुढे आपलाच, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. तो कॅमेरा आज कोणाच्या काचेच्या कपाटात नसतो. माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाशेजारी असतो. मला विचाराल तर वसईचा इतिहास त्याने जास्त टिपला. पण त्याला लिलाव नाही.

शेठला मात्र इतिहासही उंची लागतो. त्याला बरं वाटावं म्हणून मी जोझेफ विर्शिंगची गोष्ट शोधून दिली. हा म्युनिकचा माणूस. १९२५ मध्ये फ्रान्झ ऑस्टेन आणि हिमांशु राय यांच्या ‘प्रेम संन्यास’साठी हिंदुस्थानात आला आणि १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज सुरू झालं तेव्हा तिथला कॅमेरामन झाला. ‘अछूत कन्या’ त्याने टिपला. मालाड म्हणजे आपलीच वेस्टर्न लाईन. विरार लोकलने गेलो तर खिडकीतून दिसण्याच्या अंतरावरची गोष्ट. सिनेमाचं काम थांबलं की विर्शिंग ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर स्थिरचित्रं घ्यायचा: सेटवर पेंगलेले कामगार, मेकअप उतरवणाऱ्या नट्या, दिवे ओढणारे हात. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून त्याला इंग्रजांनी बंदिवासात टाकलं. सुटल्यावर तो मायदेशी गेला नाही. ‘महल’ त्याचा, ‘पाकिजा’ही त्याचा, ‘पाकिजा’ पडद्यावर यायच्या आधीच, १९६७ मध्ये, तो मुंबईत वारला. त्याच्या निगेटिव्ह घरच्यांनी सांभाळल्या आणि २०१७ च्या डिसेंबरात पणजीला त्यांचं प्रदर्शन भरलं.

शेठने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “त्याच्या कॅमेऱ्याचा नंबर काय होता?”

मग मी गांधीजींचे फोटो काढणाऱ्या, सेवाग्रामच्या कनू गांधीची गोष्ट काढली. त्याला घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. त्यातून कॅमेरा आणि रोल आला. तो रोलायफ्लेक्स, म्हणजे जर्मनच, पण रेंजफाइंडर नव्हे. वरून वाकून बघायचा. गांधीजींनी अटी घातल्या तीन: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला उभं राहा, हसा म्हणायचं नाही आणि खर्च आश्रमाच्या पैशांतून नाही. तिसरी अट मला हिशेबनीस म्हणून फार भावते. शेठच्या गाळ्यात ती मी लागू केलेलीच आहे.

संख्येचाच मोह असेल तर मुंबईच्या दिलीश पारेखांपुढे कोणीच टिकत नाही. त्यांच्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद गिनीजमध्ये झाली. हा आकडा ऐकून शेठ गप्प झाला, वहिनी मात्र एकदम समजूतदार झाल्या. आपल्याकडे अजून एकच कपाट आहे, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं.

कपाटाचा खरा शत्रू वहिनी नव्हेतच. तो पाऊस. वेट्झलारच्या माणसांनी काचेत बारा आणे अक्कल ओतली, पण वसईचा जुलै त्यांनी पाहिलेला नव्हता. इथे पावसाळ्यात मीठ वाहतं, आगपेटी पेटत नाही, चपलांवर हिरवळ येते आणि हायवेकडचा रस्ता अधूनमधून खाडीला जाऊन मिळतो. लेन्सच्या आतल्या काचेवर याच दिवसांत बुरशी धरते. आधी एक पुसट ठिपका, मग त्याला फुटलेले बारीक तंतू. बॅटरी मारून तिरकं बघितलं तर दिसतात. फार दिवस राहिली तर काचेवरचा थर खाते. म्हणून शेठने कपाटात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात. ओल शोषली की त्या गुलाबी होतात. मग तव्यावर गरम करून पुन्हा निळ्या करायच्या. हा तवा कोणाचा, यावर एक वाद होऊन गेला. आणि उन्हाळ्यात वेगळंच. शटरचा पडदा रबर चढवलेल्या कापडाचा. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हाकडे तोंड करून राहिला तर भिंगाने कागद जाळावा तसं त्या कापडाला भोक पडतं. एकूण हा कॅमेरा पावसात नको, उन्हात नको आणि थंडी वसईला फारशी पडत नाही.

शेठचा दुसरा लायका सोनेरी आहे. मुलाम्याने झगमगणारा, बाजूला सापासारखं कातडं, वर पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पायात स्वस्तिक. विकणाऱ्याने सांगितलं, हिटलरच्या हवाई दलाचा, जगात थोडेच. असे ‘थोडेच’ लायका जगातल्या प्रत्येक जुन्या बाजारात मिळतात. लायकाची हुबेहूब नक्कल सोव्हिएत संघाने १९३४ पासूनच सुरू केली होती. खारकिव्हमधल्या अनाथ, भटक्या मुलांच्या एका वसाहतीत ती बनायची आणि नाव ठेवलं होतं फेड, म्हणजे गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख फेलिक्स एद्मुंदोविच द्झेर्झिन्स्की याची आद्याक्षरं. पुढे मॉस्कोजवळ झोर्की निघाला. हे कॅमेरे लाखांनी बनले. मग कोणी तरी त्यांवरची रशियन अक्षरं घासून ‘लायका’ आणि गरुड कोरू लागलं.

मला त्या गरुडाचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. लाइट्स कंपनीचे मालक दुसरे अर्न्स्ट लाइट्स यांनी नाझींच्या काळात कितीतरी ज्यू कामगारांना आणि त्यांच्या नातेवाइकांना ‘परदेशातल्या शाखेत बदली’ असं दाखवून अमेरिकेकडे रवाना केलं; १९३९ च्या सप्टेंबरात सरहद्दी बंद होईपर्यंत हे चाललं. त्यांच्या मुलीला, एल्झी क्यून-लाइट्स यांना, ज्यू स्त्रियांना स्वित्झर्लंडला पळायला मदत केल्याबद्दल १९४३ मध्ये गेस्टापोने तुरुंगात टाकलं. आणि बाजारात जास्त भाव कशाला, तर खोट्या स्वस्तिकाला.

सोनेरी लायका खोटा आहे हे शेठला कोणा तज्ज्ञाने सांगितलं नाही. लेथवरच्या काकांनी सांगितलं.

काका साताऱ्याकडचे. आयटीआय केलेले, आधी मुंबईत एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते, तो बंद पडल्यावर वालीवला आले. गाळ्यात शेठ मालक असला तरी जॉब पास की नापास हे काका ठरवतात. शेठने दोन्ही कॅमेरे मशीनशेजारच्या टेबलावर आणून ठेवले होते, फोटो काढण्यासाठी. म्हणजे मोबाइलने कॅमेऱ्यांचे. काकांनी हात पुसले, दोन्हींच्या लेन्स फिरवून काढल्या आणि चष्मा कपाळावर चढवून आत बघितलं.

“शेठ, यात चाक आहे,” थ्री-एफकडे बोट दाखवून ते म्हणाले, “आणि सोनेरीत नुसती जीभ आहे.”

आणि ते बरोबर होतं. लेन्सच्या कडेला टेकणारा जो भाग, तिथे खऱ्या लायकात फिरणारं चाक असतं आणि रशियन कॅमेऱ्यांत सहसा घडीव दांडीचं टोक. झीज कमी व्हावी म्हणून एकाने चाक लावलं, काम भागतंय म्हणून दुसऱ्याने वाचवलं. काकांना गरुड दिसलाच नव्हता.

मग त्यांनी लेन्सच्या आट्यांना व्हर्नियर लावला. व्यास ३९ मिलिमीटर. पिच गेज काढला, एक मिलिमीटरचं पातं धरलं. सोनेरीवर बसलं. एल्मारवर धरलं आणि दिव्याकडे तोंड करून बघितलं तर कडेला उजेडाची रेघ. काकांनी भुवया वर केल्या, इंचाची पाती उघडली आणि इंचाला २६ आट्यांचं पातं लावलं. चपखल.

“जर्मन असून इंचात?” ते हसले. “व्यास मिलिमीटरमध्ये आणि आटे इंचात. आमच्याकडे असं ड्रॉइंग आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.”

हे असं का, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकात आहे असं म्हणतात. त्यांच्या लेन्सचे आटे लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने एकोणिसाव्या शतकातच व्हिटवर्थच्या पद्धतीने, इंचात, ठरवून दिले होते आणि लाइट्सकडे हत्यारं त्याच पद्धतीची होती. कारखान्यात जे टूल आहे त्यानेच नवं काम काढायचं, हे वालीवच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. काका लगेच म्हणाले, “म्हणजे पंचावन्न अंशाचा टूल. साठचा चालणार नाही.” २६ आटे म्हणजे एका आट्याला ०.९७७ मिलिमीटर, रशियन एक मिलिमीटरपासून फरक मिलिमीटरच्या साधारण चाळिसाव्या भागाचा. म्हणून दोन्हींच्या लेन्स एकमेकांत फिरतात आणि म्हणूनच थोड्या अडखळतात.

मी इतके दिवस या कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं पाहिली होती. शेठ नंबर बघतो. वहिनी फोटो मागतात. मी किंमत लिहितो. काकांनी एल्मारची फोकसची खुंटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवली, परत आणली, पुन्हा फिरवली. कुठेही झटका नाही, ढिलेपणा नाही. सत्तर वर्षांचा जॉब. “हा ज्याने काढला त्याचं मशीन चांगलं होतं,” ते म्हणाले, आणि थोडं थांबून, “मशीन तर आपलंही चांगलं आहे. त्याला घाई नव्हती.” विकत घ्यायचा, जमवायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर कुठे नव्हता.

शेठचं डोकं मात्र दुसरीकडे धावत होतं. कपाटात अलीकडे एक एम-थ्रीही आला आहे. १९५४ चं हे मॉडेल. यात आटे गेले आणि खाच आली, लेन्स जराशी फिरवली की बसते आणि दोन भोकांचं एकच भोक झालं. पण शेठला नुसती बॉडी परवडली, लेन्स नाही. जुनी आट्यांची लेन्स नव्या बॉडीवर बसावी म्हणून लाइट्सने तेव्हाच सोय केली होती: जुन्यात लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर, नव्यात २७.८. मध्ये बरोबर एक मिलिमीटर जाडीची कडी घालायची की काम झालं. ती कडी बाजारात किती रुपयांना मिळते ते शेठला माहीत होतं.

“काका, ही कडी आपण पितळेत काढू शकतो?”

“आतले आटे मी काढतो. बाहेरचे कान मिलिंगला द्यावे लागतील. प्लेटिंग बाजूच्या गाळ्यात. पण जाडी एकसारखी पाहिजे, नाहीतर तुमची ती नाकं जुळतील आणि फोटो पुसट येईल.”

शेठने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संग्राहक संपून कारखानदार जागा झालेला होता. “पाचशे नग काढू. बाहेर पाठवू. याचा जीएसटीचा कोड बघ.”

“९००६ मध्ये येईल,” मी म्हटलं, “कॅमेरे आणि त्यांचे भाग.”

काका हात पुसत होते. “काढू की. फक्त तपासणीचं बघा. जाडी मायक्रोमीटरने कळेल, पण फोकस बसला का ते फिल्मवर फोटो आल्याशिवाय कळणार नाही. आणि तपासल्याशिवाय माझ्या हातून नग बाहेर जात नाही. नगामागे एक रोल धरा.”

शेठने रोलच्या किमतीला पाचशेने मनातल्या मनात गुणलं आणि ऑर्डर दोन नगांवर आणली.